हिरवा ठिपका

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला सकाळी त्रिवेणीला तबेल्याच्या फरशीवर रक्त दिसलं.

फार नव्हतं. शेणमुताच्या पाण्यानं ओल्या झालेल्या शहाबादी फरशीवर बोराएवढा एक डाग, दोन पावलांवर दुसरा, गव्हाणीपाशी तिसरा. हातात दुधाची बादली घेऊन ती तशीच थबकली. तिचे सासरे नामदेवराव चांदी नावाच्या म्हशीखाली उकिडवे बसून धारा काढत होते.

"मामा, हे रक्त कशाचं?"

"चांदीच्या खुराला लागलंय," वर न बघता ते म्हणाले.

"कुठल्या?"

"मागल्या. तू जा बाई, तुला कामाला उशीर हुईल."

इथंच त्रिवेणीच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातली चार ती नोकरी करत होती, आणि ह्या चार वर्षांत मामांनी तिच्या नोकरीचं कधी चांगल्या तोंडानं नाव घेतलं नव्हतं. 'निघाली लोकाचं रगत काढायला' हे त्यांचं रोजचं. अन् आज एकदम तिच्या उशिराची काळजी? बादली खाली ठेवून ती चांदीच्या मागं गेली, वाकून पाय उचलला. चांदीनं शेपटीचा असा फटका हाणला की डोळ्यांत शेण गेलं. पण खूर कोरडा ठणठणीत होता. दुसराही तसाच.

डोळे पुसत वळून बघते तर तिची सासू तारामती फरशीवर बादली उपडी करून खराटा मारत होती. डाग गेले होते.

"अत्याबाई, जरा थांबायचं होतं की."

"देवीचे दिवस हायेत. रगत कामून ठिवायचं दारात?" तारामती म्हणाली आणि खराटा आणखी जोरात फिरवायला लागली.

चैतन्यपुरीच्या मागं, मुसी नदीच्या काठाला, उंच इमारतींच्या पायाशी नामदेवरावांच्या दोन खोल्या आणि सहा म्हशींचा तबेला होता. चाळीस वर्षांपूर्वी ते देगलूरकडून एक म्हैस घेऊन इथं आले तेव्हा भोवती नुसती गवताची रानं होती. आता रान म्हणून उरली होती ती नदीच्या काळ्या पाण्यातली पट्टी. तिच्यात जे हिरवंगार गवत माजतं ते रोज दुपारी गुडघाभर चिखलात उतरून विळ्यानं कापायचं, भारा डोक्यावर घेऊन वर यायचं, हे सत्तरीतले नामदेवराव अजून स्वतः करत. मुलगा प्रशांत सकाळी स्कूटरवर दिलसुखनगरच्या घरांना दूध घालून मग तिथल्याच एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला जाई. त्याला ह्या म्हशी नको होत्या. तो म्हणायचा, "विकून टाकू आन् सुखानं फ्लॅटमध्ये राहू." मामांच्या कानावर हे पडलं की ते दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत.

त्रिवेणी खांद्याला बॅग लावून निघाली. बॅगेत बीपीचं मशीन, शुगरचं मशीन, सुया, पट्ट्या आणि जाड निळं रजिस्टर. साडेतीनशे घरं तिच्याकडं होती. दर घरातल्या तिशीपुढच्या माणसाचं बीपी आणि साखर बघायची, आकडा लिहायचा आणि पुढं ठिपका चिकटवायचा. ठीक असेल तर हिरवा, काठावर असेल तर पिवळा आणि दवाखान्यात धाडायचं असेल तर लाल. "आजार झाल्यावर डॉक्टर आहेतच," ट्रेनिंगमध्ये सुलभा मॅडम म्हणाल्या होत्या, "आपलं काम त्याच्या आधी पोचायचं." हे वाक्य त्रिवेणीला फार आवडलं होतं. बारावी झालेली, देगलूरच्या खेड्यातली पोर ती; आपण कशाच्या तरी आधी पोचू शकतो असं तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारी हात पदराखाली घेऊन बसली. "खून कायकू लेते जी? किधर बेचते?"

"बेचती नहीं अम्मा. ये देखो," म्हणत त्रिवेणीनं नेहमीप्रमाणं रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. "ये मेरे ससुरे. सत्तर के हैं. उनका भी देखी मैं. हरा है, देखो."

हा तिचा हुकमी पत्ता होता. सासऱ्याचं नाव, समोर साखरेचा आकडा ११२ आणि हिरवा ठिपका. त्याखाली यंदाचा ११८ आणि पुन्हा हिरवा ठिपका. ते बघितलं की कुठलीही म्हातारी विरघळायची. हीही विरघळली, बोट पुढं केलं. पण त्रिवेणीचं तिच्या बोटाकडं लक्ष नव्हतं. पानाच्या कोपऱ्यात शेणानं माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता आणि शिवणीत गवताचं एक पातं अडकलेलं होतं.

रजिस्टर कुणीतरी उघडलं होतं. घरातल्याच कुणीतरी.

तिनं रजिस्टर झटकन मिटलं. कारण त्या पानावरचे ते दोन्ही आकडे खोटे होते.

असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी ही साखरेची तपासणी सुरू झाली तेव्हा सुलभा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पहिलं घर तुमचं स्वतःचं. जिच्या घरचे बोट पुढं करत नाहीत तिला गल्लीत दार कोण उघडेल?" प्रशांतनं बोट दिलं, अत्याबाईंनी कुरकुरत दिलं. मामांनी सुई बघितली आणि विळाच उचलला. आठ दिवस तिनं विनवण्या केल्या. शेवटी रजिस्टर जमा करायची वेळ आली, तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, माणूस काटक आहे, रोज भारा उचलतो, ह्याला कुठली शुगर? आणि लिहून टाकलं. पुढच्या खेपेला विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. एकदा लिहिलेलं खोटं दुसऱ्या वर्षी किती सोपं जातं, ह्याची तिची तिलाच लाज वाटली होती. पण लाज वाटून आकडा काही बदलत नाही.

म्हातारीच्या घरातून बाहेर पडते तोच फोन वाजला. सुलभा मॅडम होत्या. मॅडम मूळच्या पुण्याच्या, ह्या सगळ्या कामाच्या प्रमुख.

"त्रिवेणी, परवा शुक्रवारी मी तुझ्याकडे येतेय. सगळ्यांचीच फेरतपासणी चालू आहे. चिठ्ठ्या टाकून दहा घरं निवडायची आणि मी स्वतः पुन्हा मोजायचं. घाबरू नकोस. सुपरवायझर करायच्या यादीत तुझं नाव मी सगळ्यात वर लिहिलंय, ते उगाच नाही."

"हो मॅडम," त्रिवेणी म्हणाली. फोन ठेवून तिनं रजिस्टर बॅगेच्या तळाशी सरकवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं प्रशांतला हळूच विचारलं, "माझ्या बॅगेला हात कुणी लावला?"

"मी कशाला लावू? परेशान नको होऊ गं, अम्मानं लावला असंल."

"आणि मामांच्या पायाला काही झालंय का? तुम्ही बघितलं?"

"काय कुजबुज चाललीय?" दारात नामदेवराव उभे होते. हातात पितळी, पाय मातीनं घोट्यापर्यंत माखलेले. नवरात्रात नऊ दिवस ते पायात चप्पल घालत नसत. प्रशांत डेंग्यूच्या तापातून उठला तेव्हा त्यांनी तुळजापूरच्या देवीला तसं बोललं होतं. "सांगा की, मला बी कळू द्या."

"मामा, एकदा शुगर बघू द्या. बोटाला मुंगी चावल्यागत होतं फक्त."

"हां! आली का गाडी तिथंच?" त्यांनी पितळी खाली आदळली. "दोघं मिळून ठरवलंय तुमी. एकदा म्हातारा आजारी म्हून शिक्का मारला की गवताला जायला बंदी. गवत बंद की म्हशी बाजारात. समजतंय मला. चाळीस वर्षं शहरात काढली, येडा न्हाई मी."

"पप्पा, काही पण काय बोलता?" प्रशांत म्हणाला, पण त्याचा आवाज पडला. कारण त्याच्या मनात तसं अगदीच नव्हतं असं नाही, आणि त्रिवेणीला ते माहीत होतं.

"एकनाथरावाचं काय झालं? सांग की. स्वतःच्या पायानं चालत गेलता शिबिराला. ह्यांनी बोट टोचलं, आन् दोन महिन्यांत पाय कापला. टोचलं नसतं तर आज माझ्यासंगं गवताला असता." नामदेवराव बसले, भाकरी कुस्करून दुधात घातली, वर गुळाचा खडा टाकला. "माझे पाय बघ. अनवाणी फिरतोय ना चिखलातून? पहिल्या वर्षी लई टोचायचं. आता काटा बी लागत न्हाई. आईनं दुखणंच काढून घेतलं."

तारामतीनं देवघराकडं बघून हात जोडले. त्रिवेणीची भाकरी तव्यावर करपायला लागली तरी तिला भान राहिलं नाही.

ट्रेनिंगच्या दिवसांत मॅडमनी फळ्यावर एक पाऊल काढलं होतं. साखर वाढली की नसा मरतात, त्या सगळ्यात आधी तळपायाच्या. मग खडा टोचतो, काच घुसते, माणसाला पत्ताच नाही. 'ज्याला काटा कळत नाही त्याचा पाय आधी बघा,' त्या म्हणाल्या होत्या. त्रिवेणीनं ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामातून मध्येच नदीकडं गेली. ऊन अंगाला चिकटत होतं. पाण्याचा तो कुबट वास, वर पुलावरून गाड्यांची घरघर. मामा कमरेत वाकून गवत कापत होते. विळ्याचा खर्र खर्र आवाज अजून तसाच एका लयीत, मूठ पकडायची आणि खाली ओढायची ती पद्धतही तीच. पण मध्येच ते थांबत, हात गुडघ्यावर ठेवून धापा टाकत आणि बाटली तोंडाला लावत. तिनं मोजलं. अर्ध्या तासात दोन बाटल्या पाणी संपलं. दोनदा ते लघवीला बाजूला जाऊन आले. हे गल्लीतल्या कुणी सांगितलं असतं तर त्रिवेणीनं तिथल्या तिथं मशीन काढलं असतं. घरात रोज बघूनही तिला कधी दिसलं नाही, कारण तिनं हिरवा ठिपका लावून विषय मिटवला होता.

भारा डोक्यावर घेऊन मामा बांध चढून वर आले. ती काठावरच्या बाभळीखाली उभी होती. ते तिच्यासमोरून पुढं गेले आणि त्यांच्या डाव्या टाचेत तिला बाभळीचा काटा दिसला. चांगला बोटाच्या पेराएवढा. अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याच पायावर जोर देऊन, डोक्यावर मणभर ओलं गवत घेऊन तो माणूस झपाझप चालला होता.

"मामा! पायात काटा आहे!"

"कुठं?" त्यांनी भारा टाकला, पाय वळवून बघितला, काटा उपटून फेकला. तोंडावर रेष हलली नाही. उलट हसले. "बघितलंस? म्हणत हुतो ना, आईची कृपा."

त्रिवेणीला रडूच फुटलं. "ही कृपा नाही हो मामा. हा आजार आहे. हात जोडते, चला माझ्यासोबत. आणि अंगठ्याखाली ते पिवळं काय? हळद भरलीय का? रक्त तुमचंच होतं ना?"

नामदेवरावांचं हसू पुसलं गेलं. पाऊल त्यांनी पटकन चिखलात रोवलं. मग तिच्याकडं असं रोखून बघितलं की ती एक पाऊल मागं सरली.

"मला काय हाय आन् काय न्हाई ते तुझ्या वहीत लिवलेलं हाय," ते सावकाश म्हणाले. "मला ठावं हाय तू काय केलंस ते. मी कुणाला बोललो न्हाई. तू बी गप ऱ्हा."

भारा उचलून ते निघून गेले. त्रिवेणी तिथंच खाली बसली. म्हणजे अंगठा मामांचा होता. म्हणजे त्यांना कळलंय की आकडे खोटे आहेत, आणि आपण पायाचं नाव काढलं तर ते मॅडमपुढं सांगणार. धमकीच की ही सरळ सरळ! तिला राग आला, भीती वाटली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे थोडं सुटल्यासारखंही वाटलं. गप्प राहायला आता एक कारण मिळालं होतं. आधी शुक्रवार जाऊ दे, मग बघू पायाचं. दोन दिवसांनी काय होतंय?

शुक्रवारी सकाळी सुलभा मॅडम आल्या. साधी सुती साडी, पायात बूट. शेजारच्या ओट्यावर बसून त्यांनी स्टीलच्या डब्यात साडेतीनशे आकड्यांच्या चिठ्ठ्या हलवल्या आणि डबा त्रिवेणीपुढं धरला. "काढ तूच."

पहिली चिठ्ठी दोनशे अकरा निघाली. दुसरी छत्तीस. प्रत्येक घडी उलगडताना तिची बोटं ओली होत होती. एक नंबर येतोय का, एवढंच ती बघत होती. नववी चिठ्ठी एकशे एक. तो पहिला एक दिसला मात्र, तिनं घडी अर्ध्यातच धरून ठेवली. दहावी तीनशे चार.

एक नंबर आला नाही. त्रिवेणीनं असा मोठा श्वास सोडला की मॅडम हसल्या. "अगं, परीक्षा आहे का ही?"

दुपारपर्यंत दहा घरं झाली. दहाही चोख. म्हाताऱ्या तिला नावानं हाक मारत होत्या, एकीनं बतकम्मासाठी, इथल्या नवरात्रातल्या फुलांच्या सणासाठी, आणलेली पिवळी फुलं तिच्या केसांत खोचली. एकशे एक नंबरच्या माणसाला तिनंच वेळेत लाल ठिपका दिला होता. तो आता गोळ्या घेत होता आणि त्याची साखर उतरली होती. "हे तू केलंस," मॅडम म्हणाल्या. "कळतंय ना तुला? त्याचे डोळे वाचले. यादी मी आजच पाठवते."

त्रिवेणीचा ऊर भरून आला. चार वर्षांत इतकं सुख तिला झालं नव्हतं. "चहा घेऊन जा ना मॅडम," ती म्हणाली आणि त्यांना घराकडं घेऊन आली.

तबेल्याचं फाटक उघडलं तर समोर फरशी नुकतीच धुतलेली, ओली. त्या ओल्यावर मामांच्या पावलांचे ठसे गव्हाणीकडं गेलेले. उजवं पाऊल पाण्याचं. डावं पाण्याचं आणि रक्ताचं. आणि शेणाच्या वासात मिसळलेला दुसराच एक वास. तो वास तिनं एकदा एकनाथरावांच्या घरात घेतला होता.

मॅडम म्हशींकडं कौतुकानं बघत होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं. दोन मिनिटांत चहा झाला असता, त्या गेल्या असत्या.

"मॅडम," त्रिवेणी म्हणाली, "अकरावं घर घ्या."

"कुठलं?"

"एक नंबर. माझं." तिनं रजिस्टरचं पहिलं पान उघडून पुढं केलं. "माझ्या सासऱ्यांचे दोन्ही वर्षांचे आकडे मी मनानं लिहिलेत. त्यांचं बोट मी कधी टोचलंच नाही. मी लोकांना तोच ठिपका दाखवत फिरले. आणि त्यांच्या पायातून रक्त येतंय."

मॅडमचा चेहरा कसा बदलला ते बघायची तिची हिंमत झाली नाही. पण गव्हाणीपाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला. नामदेवरावांच्या हातातली पेंढी सुटली होती.

"काय म्हणालीस?" ते पुढं आले. "टोचलंच न्हाई?"

"नाही मामा."

"झोपेत?"

"झोपेत कसं टोचीन मी?"

"मग तो हिरवा ठिपका?" त्यांचा आवाज असा फाटला की तारामती आतून धावत आली. "मला वाटलं तू मी झोपलेला असताना बघितलंस. मला तुझा भरवसा न्हवता, म्हून मी बॅग उघडून बघत हुतो, माझ्याबद्दल काय लिवतीस ते. मागल्या साली बी बघितलं, परवा बी बघितलं. हिरवा हुता. म्हटलं, पोरीनं चोरून का हुईना, मशिनीवर बघितलंय, साखर न्हाई आपल्याला. जखम हळदीनं भरंल. गूळ खायला हरकत न्हाई." ते खाली उकिडवे बसले. "माणसावर भरवसा न्हवता गं मला. मशिनीवर हुता."

 मागं चांदी रवंथ करत होती. त्रिवेणीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. दोन वर्षं ती समजत होती की म्हातारा हट्टी आहे म्हणून ऐकत नाही. तो तर तिचंच ऐकून चालला होता.

"मीच धुवत हुते रगत," तारामती डोळ्याला पदर लावून म्हणाली. "हेच म्हणाले, हिरवा हाय, काय हुत न्हाई."

सुलभा मॅडम पुढं होऊन फरशीवरच बसल्या. साडी शेणात भिजली. "काका, पाय दाखवा."

ह्या खेपेला नामदेवरावांनी पाय पुढं केला. मॅडमनी पाण्यानं हळद धुतली. अंगठ्याखाली रुतलेला काचेचा तुकडा दिसला, भोवती मांस पांढरं पडलेलं, बोट काळसर. काच किती दिवसांची होती देव जाणे. त्रिवेणीनं बॅगेतून मशीन काढलं. तिला सुई टोचवेना, तेव्हा नामदेवरावांनीच तिचं मनगट धरलं आणि आपलं बोट सुईवर टेकवलं.

चारशे सव्वीस.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात," मॅडम उठत म्हणाल्या. "पायाला धक्का लागू देऊ नका. मी डॉक्टरांना फोन करते, तू रिक्षा बघ." मग त्यांनी निळं रजिस्टर उचलून आपल्या पिशवीत घातलं. "असे किती ठिपके आहेत, त्रिवेणी?"

"एकच, मॅडम. देवीची शपथ."

"दहा घरं मी आज बघितली, दहाही खरी निघाली. अर्ध्या तासापूर्वी मी तुझ्यासाठी कुणाशीही भांडले असते." मॅडमचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "आता उरलेल्या तीनशे चाळीस घरांचं मी कशावरून धरू?"

 त्रिवेणीनं केसांतली फुलं काढली आणि गव्हाणीत टाकली.

रिक्षा आली. तारामती घाईघाईनं चपला घेऊन धावली, मग नवस आठवून दारातच थांबली, आणि चपला छातीशी धरून रडायला लागली. दसऱ्याला अजून पाच दिवस होते. प्रशांतला फोन लागला होता, तो परस्पर दवाखान्यात पोचणार होता. नामदेवरावांनी बसता बसता त्याच्यासाठी निरोप ठेवला, "चांदी मी नसल्यावर अंगाला हात लावू देत न्हाई. त्याला म्हणावं, माझं उपरणं अंगावर घे आन् मग धार काढ."

दिलसुखनगरच्या चौकात रिक्षा गर्दीत अडकली. सणाची खरेदी, कपड्यांच्या दुकानांपुढं झुंबड, भोंग्यांचा गोंगाट. फडक्यात गुंडाळलेला तो पाय त्रिवेणीनं मांडीवर धरला होता. तो तापलेला होता. चाळीस वर्षं मुसीच्या चिखलात उभं राहून टणक झालेली टाच, भेगांत काळी माती. तिनं तो आज पहिल्यांदा हातात घेतला होता.

"त्रिवेणी," नामदेवराव बाहेर बघत म्हणाले, "माझा बी एकनाथराव हुईल का गं? का ऱ्हाईल पाय?"

'राहील मामा, काही होत नाही' हे तिच्या जिभेवर तयार होतं. चार वर्षांत घाबरलेल्या माणसांना ती हेच म्हणत आली होती, आणि त्यांना बरं वाटायचं. ह्यांनाही वाटलं असतं.

"मला माहीत नाही, मामा," ती म्हणाली.

नामदेवराव वळले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, नदीकाठी बघितलं होतं तसंच रोखून. मग त्यांनी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले, आणि रिक्षाला धक्का बसला तसा तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला.